तीस टक्के, पण कशावर? ॲप स्टोअरची फी आणि बाहेरच्या मार्केटप्लेसचा हिशेब

ॲप स्टोअरच्या फीबद्दल बोलणं निघालं की ३० हा एकच आकडा पुढे येतो. जुलै २००८ मध्ये ॲपलचं स्टोअर उघडलं तेव्हा ७०-३० अशी वाटणी ठरली. त्याच वर्षी आलेल्या अँड्रॉइड मार्केटनेही तीच ठेवली आणि पुढची सगळी भांडणं या ३० वरच झाली. प्रत्यक्षात आज छोटा डेव्हलपर ३० टक्के भरत असेल, तर बहुधा त्याचा एक अर्ज भरायचा राहिलेला असतो. आणि १५ टक्के भरणारा ‘बाहेर फी कमी आहे’ एवढ्यावरून दुसऱ्या मार्केटप्लेसकडे (म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या ॲप स्टोअरकडे) किंवा स्वतःच्या पेमेंट पानाकडे धावला, तर पुष्कळदा त्याच्या हातात आधीपेक्षा कमीच पडतं. एका खरेदीमागे शेवटी किती उरतं आणि शंभर इच्छुकांपैकी किती जण त्या वाटेने टोकापर्यंत येतात, या दोन आकड्यांचा गुणाकार करायचा असतो. नुसती टक्केवारी यातलं काहीच सांगत नाही.

आधी आहे त्या स्टोअरमधलं आवरून घेऊ. छोट्या डेव्हलपरकडून ३० ऐवजी १५ टक्के घेणारी ॲपलची स्मॉल बिझनेस योजना १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. ती आपोआप मिळत नाही, नोंदणी करावी लागते. नोंदणी करताना तुमच्याशी संबंधित इतर डेव्हलपर खाती जाहीर करावी लागतात आणि सगळ्यांची कमाई एकत्र धरली जाते. मर्यादा वर्षाला १० लाख डॉलरची आहे, पण ती ग्राहकांनी भरलेल्या रकमेची नव्हे, तर कमिशन आणि कर वजा जाता तुमच्या वाट्याला आलेल्या रकमेची. वर्षाच्या मध्येच ती ओलांडली तर उरलेल्या वर्षात ३० टक्के लागतात.

गूगलची रचना प्राप्तिकराच्या टप्प्यांसारखी आहे. जुलै २०२१ पासून दर वर्षीच्या पहिल्या १० लाख डॉलरवर १५ टक्के, आणि फक्त त्यावरच्या रकमेवर ३०. यासाठीही प्ले कन्सोलमध्ये (गूगलच्या प्ले स्टोअरच्या डेव्हलपर पानावर) खात्यांचा गट जाहीर करावा लागतो. दोघांचे १५ टक्के वरवर सारखे दिसतात, पण जरा मोठं ॲप घ्या. सबस्क्रिप्शन नाही, वर्षाची विक्री २० लाख डॉलर. गूगलकडे दीड लाख अधिक तीन लाख, म्हणजे साडेचार लाख डॉलर जातात. ॲपलकडे, आधीच्या वर्षीच मर्यादा ओलांडलेली असेल तर, पहिल्या डॉलरपासून ३० टक्के, म्हणजे सहा लाख. तेच ॲप, तीच विक्री, फरक दीड लाखाचा.

सबस्क्रिप्शनचं गणित वेगळं. गूगल जानेवारी २०२२ पासून पहिल्याच दिवसापासून १५ टक्के घेतं. ॲपल पहिल्या वर्षी ३० आणि एकाच ग्राहकाची वर्षभराची सशुल्क सेवा पूर्ण झाली की १५. यातला बारकावा म्हणजे ग्राहकाने मध्येच थांबवलं आणि ६० दिवसांच्या आत परत आला नाही, तर त्याचं वर्ष पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजलं जातं. कार्डाची मुदत संपल्यामुळे गळालेले ग्राहक इथे दुहेरी महाग पडतात. म्हणून बिलिंग ग्रेस पीरियड (पैसे कापले गेले नाहीत तरी काही दिवस सेवा चालू ठेवण्याची सोय) चालू ठेवा. ती सेटिंग आपोआप चालू नसते.

वस्तू घरपोच पोचवणाऱ्या किंवा प्रवासाची, खोलीची नोंदणी करणाऱ्या ॲपला यातलं काहीच लागू नाही. ॲपबाहेर वापरायच्या वस्तू-सेवांवर कमिशन नसतं. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला थेट शिकवलं तर बाहेरचं पेमेंट चालतं, तोच वर्ग एकाच वेळी अनेकांना घेतला की ॲपलच्या नियमानुसार इन-ॲप पर्चेस, म्हणजे स्टोअरचंच पेमेंट, वापरावं लागतं. शिकवणीचे ॲप नाकारले जाण्याचं हे नेहमीचं कारण.

बाहेरचं पेमेंट: सेंटांचा काटा

कार्ड पेमेंटच्या फीमध्ये टक्क्यांबरोबर प्रत्येक व्यवहारामागे एक ठरावीक रक्कमही असते, आणि किरकोळ किमतीची ॲप्स तिथेच मार खातात. अमेरिकेत स्ट्राइप या पेमेंट कंपनीचा जाहीर दर २.९ टक्के अधिक ३० सेंट आहे. ९९ सेंटच्या खरेदीवर ते जवळजवळ ३३ सेंट होतात, म्हणजे थेट ३३ टक्के. ज्या ३० टक्क्यांना कंटाळून बाहेर पडलो त्याहून जास्त. स्मॉल बिझनेस योजनेत त्याच खरेदीवर १५ सेंट गेले असते.

४.९९ डॉलरवर चित्र थोडं बरं होतं. स्ट्राइपचे ४४ सेंट, ॲपलचे १५ टक्के म्हणजे ७५ सेंट. हातात ४.५५ विरुद्ध ४.२४. वरकरणी ३१ सेंटचा फायदा. पण ॲपमधून ब्राउझरमध्ये, तिथे ईमेल, कार्ड नंबर, मग परत ॲपमध्ये, या रस्त्यात १०० पैकी ७ जण गळाले की तो फायदा संपला. ३० टक्के भरणाऱ्याला मात्र २३ जण गळेपर्यंत परवडतं. बाहेर पडण्याची भाषा मोठे गेम स्टुडिओ का करतात, ते एवढ्या गणितात दिसतं.

यात कराचं काम अजून धरलेलंच नाही. स्टोअरमधून विकताना बहुतेक देशांत विक्रीकर किंवा व्हॅट स्टोअरच गोळा करून भरतं. स्वतः विकायला लागलात की ते तुमच्या गळ्यात. युरोपीय संघात डिजिटल सेवांवरचा व्हॅट ग्राहकाच्या देशाप्रमाणे लागतो: लक्झेंबर्गमध्ये १७ टक्के, हंगेरीत २७. संघाबाहेरच्या विक्रेत्याला किमान उलाढालीची सूट नाही, पहिल्या विक्रीपासून वन स्टॉप शॉपमध्ये (संघातल्या सगळ्या देशांच्या व्हॅटसाठीची एकच नोंदणी) नोंदणी करून दर तिमाहीला विवरण द्यावं लागतं. हे टाळायचं तर मर्चंट ऑफ रेकॉर्ड म्हणून काम करणारी कंपनी गाठायची. कायद्याच्या नजरेत ती विक्रेता, कर तिचा. अशाच पॅडल या कंपनीचा जाहीर दर ५ टक्के अधिक ५० सेंट. ४.९९ वर हे होतात ७५ सेंट, म्हणजे ॲपलच्या १५ टक्क्यांइतकेच. एवढा सगळा उपद्व्याप करून जिथून निघालो तिथेच.

किंमत वाढते तसा ठरावीक सेंटांचा काटा बोथट होतो. ३९.९९ डॉलरच्या वार्षिक योजनेवर पॅडलचे अडीच डॉलर, ॲपलचे १५ टक्क्यांनी सहा. साडेतीन डॉलर खरोखर वाचतात आणि वर्षातून एकदाच. म्हणून वेबवर विकायचीच असेल तर वार्षिक योजना विका, महिन्याची आणि फुटकळ खरेदी स्टोअरमध्येच राहू द्या.

चार्जबॅकही धरा, म्हणजे ग्राहकाने बँकेमार्फत वाद घालून पैसे परत मागणं. अमेरिकेत स्ट्राइप एका वादामागे १५ डॉलर घेतं. ४.९९ च्या विक्रीवर एक वाद आला तर ती विक्री गेलीच, वर आणखी तीन-चार विक्रींची कमाई गेली. ॲपलच्या स्टोअरमध्ये रिफंडचा निर्णय तुमच्या हातात नसतो याचा अनेकांना राग असतो, पण तिथे वादाचा दंडही तुम्हाला लागत नाही.

सूट दिली, पण केवढी

कायद्याच्या दबावाखाली स्टोअरने बाहेरचं पेमेंट मान्य केलं तेव्हा कमिशन किती घटवलं ते ओळीने पाहा. नेदरलँड्समधल्या डेटिंग ॲप्ससाठी ॲपलने २०२२ मध्ये २७ टक्के ठरवले. दक्षिण कोरियाने ऑगस्ट २०२१ मध्ये कायदा बदलल्यावर ॲपलचा दर तिथे २६ झाला, गूगलने ४ टक्क्यांची सूट दिली. अमेरिकेत फोर्टनाइट गेमची कंपनी एपिक हिच्या खटल्यानंतर ॲपलने जानेवारी २०२४ मध्ये बाहेरच्या लिंकला परवानगी दिली आणि लिंक दाबल्यापासून सात दिवसांतल्या खरेदीवर २७ टक्के मागितले. सगळीकडे सूट तीन ते चार टक्के, म्हणजे जेमतेम पेमेंट प्रोसेसिंगच्या खर्चाएवढी. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

गूगलच्या ४ टक्के सुटीचंच उदाहरण घ्या. ३० ऐवजी २६, म्हणजे ४.९९ वर १ डॉलर ३० सेंट. त्यात कार्ड प्रोसेसरचे ४४ सेंट मिळवा. एकूण १.७४, म्हणजे जवळजवळ ३५ टक्के. १५ ऐवजी ११ असेल तर एकूण सुमारे २० टक्के पडतात. दोन्ही बाबतीत ‘पर्याय’ मूळ दरापेक्षा महाग.

अमेरिकेत ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी ॲपलने आपल्या आधीच्या आदेशाचा अवमान केल्याचं ठरवलं आणि बाहेरच्या लिंकवरचं कमिशन थांबवलं. त्यामुळे तिथे लिंकचं गणित एकदम बदललं. तरी शून्य कमिशन कायम राहील असं धरून तीन वर्षांच्या किमती ठरवू नका. लिंक हवी तेव्हा सर्व्हरवरून बंद करता येईल अशी ठेवा, म्हणजे नियम बदलला तर नवीन बिल्ड (ॲपची तयार आवृत्ती) मंजूर होईपर्यंत अडकून पडायला नको.

युरोपातलं मार्केटप्लेस

आयफोनवर बाहेरची मार्केटप्लेस मार्च २०२४ मध्ये आली, आयओएस १७.४ बरोबर, आणि ती तेव्हा फक्त युरोपीय संघात, तिथल्या डिजिटल मार्केट्स ॲक्ट या कायद्यामुळे. त्यासाठी सही करायच्या पर्यायी करारात कमिशन ३० चं १७ आणि १५ चं १० झालं, ॲपलचं पेमेंट वापरलं तर वर ३ टक्के. आणि सोबत आली कोअर टेक्नॉलॉजी फी: वर्षाला १० लाखांच्या वरच्या प्रत्येक ‘पहिल्या वार्षिक इन्स्टॉल’मागे ५० युरोसेंट.

सगळा फास या ‘पहिल्या वार्षिक इन्स्टॉल’च्या व्याख्येत होता. एका खात्यावर बारा महिन्यांत ॲप पहिल्यांदा उतरलं की एक मोजला जातो, आणि त्यात अपडेटही येतं. कोणी दोन वर्षांपूर्वी ॲप घेतलं, कधी उघडलंही नाही, पण फोनने रात्री आपोआप अपडेट केलं, तरी तो मोजला गेला. शिवाय करारावर सही केली की ॲप स्टोअरमधून झालेले इन्स्टॉलही याच मोजणीत. एक कोटी इन्स्टॉल असलेलं मोफत ॲप वर्षाला ४५ लाख युरोंचं देणं लागलं असतं. सशुल्क ॲपचा हिशेब असा: २० लाख इन्स्टॉल, म्हणजे फी पाच लाख युरो. ३० वरून १७ अधिक ३ वर आल्याने दहा टक्के वाचतात, म्हणजे नुसती भरपाई व्हायला ५० लाख युरोंची विक्री हवी. प्रत्येक इन्स्टॉलमागे वर्षाला सरासरी अडीच युरो. बहुतेक मोफत ॲप्स याच्या जवळपासही जात नाहीत.

ओरड झाल्यावर सवलती आल्या. काहीच कमाई नसलेल्यांना माफी, आणि जागतिक उलाढाल एक कोटी युरोंपेक्षा कमी असलेल्यांना पहिली तीन वर्षं. पण खुद्द मार्केटप्लेसच्या ॲपला १० लाखांची सूट नव्हतीच, पहिल्या इन्स्टॉलपासून ५० सेंट. आल्टस्टोअर पाल हे मार्केटप्लेस एप्रिल २०२४ मध्ये वर्षाला दीड युरो घेऊन सुरू झालं ते याच कारणाने. मार्केटप्लेस उघडणाऱ्याला सुरुवातीला दहा लाख युरोंचं बँकेचं स्टँडबाय लेटर ऑफ क्रेडिटही (एक प्रकारची हमी) दाखवावं लागे.

एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ॲपलला ५० कोटी युरोंचा दंड केला. त्यानंतर २६ जूनला ॲपलने नवी रचना जाहीर केली: इन्स्टॉलवरच्या फीच्या जागी हळूहळू विक्रीवर ५ टक्के कोअर टेक्नॉलॉजी कमिशन. ॲप स्टोअरमध्येच राहून बाहेरच्या पेमेंटची लिंक देणाऱ्याला त्याशिवाय नव्या ग्राहकाच्या पहिल्या सहा महिन्यांतल्या खरेदीवर २ टक्के, आणि स्टोअर सेवांचे ५ किंवा १३. स्टोअर सेवांची ही पाच टक्क्यांची पायरी स्वस्त दिसते, पण तिच्यात आपोआप अपडेट नाहीत, रेटिंग आणि अभिप्राय नाहीत. आपोआप अपडेट नाहीत म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती तुम्ही आज दिली तरी निम्मे लोक जुन्यावरच बसून राहणार, आणि सर्व्हरला जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षं सांभाळाव्या लागणार. त्या कामाचे तास धरले तर पाच टक्के पाच राहत नाहीत.

बाहेरच्या मार्केटप्लेसवर ॲप टाकण्याची पद्धत अशी. करार मान्य करा, मार्केटप्लेसने दिलेलं टोकन ॲप स्टोअर कनेक्टमध्ये (ॲपलच्या डेव्हलपर पानावर) घाला, बिल्ड नोटरायझेशनला पाठवा. नोटरायझेशन म्हणजे ॲप रिव्ह्यू नव्हे. ॲप सांगितल्याप्रमाणे चालतं का, त्यात मालवेअर किंवा फसवणूक नाही ना, एवढं बघितलं जातं. आशय आणि धंद्याचे नियम नाहीत. मंजूर झालं की वितरणाचं पॅकेज तयार होतं, ते मार्केटप्लेस आपल्या सर्व्हरवर उतरवून घेतं.

तक्रारी येतात त्या ग्राहकाच्या बाजूने. खात्याचा देश युरोपीय संघातला हवा आणि माणूसही तिथे हवा. संघाबाहेर गेल्यावर ॲप चालत राहतं, पण ३० दिवसांच्या वर मुक्काम लांबला की मार्केटप्लेसमधून अपडेट थांबतात. ‘परगावी गेल्यापासून अपडेट दिसत नाही’ अशी तक्रार आली तर कोड तपासण्याआधी हे विचारा. दुसरी गळती इन्स्टॉलच्या वेळची. सुरुवातीला लिंक दाबायची, सेटिंग्जमध्ये जाऊन डेव्हलपरला परवानगी द्यायची, परत येऊन पुन्हा लिंक दाबायची, असा प्रकार होता. आयओएस १८.६ मध्ये पायऱ्या कमी झाल्यावर अर्ध्यात सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण ६५ वरून २५ टक्क्यांवर आल्याचं एपिकने सांगितलं. हे फोर्टनाइट खेळायला आसुसलेले लोक होते. तुमच्या ॲपसाठी पंचवीसपेक्षा जास्तच धरा.

अँड्रॉइड: फीपेक्षा सही महत्त्वाची

अँड्रॉइडवर दुसरं स्टोअर नेहमीच चालत आलं आहे, फी पुष्कळदा कमी असते, एफ-ड्रॉइड या मुक्त सॉफ्टवेअरच्या स्टोअरवर तर मुळीच नाही. इथे नुकसान होतं ते साइनिंग कीमुळे, म्हणजे ॲप तुमचंच आहे हे फोनला पटवणाऱ्या डिजिटल सहीच्या किल्लीमुळे. ऑगस्ट २०२१ पासून प्लेवर नवं ॲप बंडल स्वरूपातच द्यावं लागतं आणि त्यावर सही करायची की गूगलकडे असते. ॲप पहिल्यांदा टाकताना तुम्ही गूगललाच की तयार करू दिली, तर ती तुम्हाला कधीच मिळत नाही. मग दुसऱ्या स्टोअरसाठी तुम्ही स्वतः तयार केलेलं एपीके (अँड्रॉइड ॲपची इन्स्टॉल करायची फाइल) वेगळ्या कीने सही केलेलं असतं, आणि एकावर दुसरं बसत नाही. ग्राहकाला आधीचं काढून टाकावं लागतं, त्याबरोबर त्याचा डेटाही जातो. एफ-ड्रॉइड बहुधा स्वतःच बिल्ड करून स्वतःच्या कीने सही करतं, तिथेही हेच. उपाय पहिल्या दिवशीच करायचा: स्वतः की तयार करून प्लेला द्या, प्रत सुरक्षित ठेवा. बंडलवरून एपीके काढायला गूगलच्या बंडलटूल या साधनाचा युनिव्हर्सल मोड पुरतो, फाइल थोडी जड होते इतकंच.

एकच की वापरली की उलट अडचण येते. पॅकेजचं नाव आणि सही जुळली तर दुसऱ्या स्टोअरमधून घेतलेल्या ॲपवर प्ले आपलं अपडेट चढवू शकतं. प्लेच्या बिल्डमध्ये प्लेचं बिलिंग, म्हणून बाहेर पैसे भरलेल्या ग्राहकाची खरेदी एका सकाळी गायब. अँड्रॉइड १४ पासून स्टोअरला अपडेटची मालकी मागता येते आणि मग दुसरीकडून अपडेट आलं तर फोन आधी विचारतो, पण जुन्या फोनवर ते नाही. ज्यांच्या ॲपमध्ये पैशांचा व्यवहार आहे त्यांनी बाहेरच्या स्टोअरसाठी पॅकेजचं नावच वेगळं ठेवावं असं माझं मत आहे. त्याची किंमत म्हणजे फायरबेसमध्ये (गूगलची ॲपसाठीची सर्व्हर सेवा) वेगळी नोंद, डीप लिंकच्या (वेबवरून थेट ॲप उघडणाऱ्या लिंकच्या) फाइलमध्ये दोन्ही नावं आणि दोन्ही कींचे फिंगरप्रिंट, आणि गूगल साइन-इनसाठी नव्या कीचा एसएचए-१ हा ओळख-आकडा. हा शेवटचा विसरला की लॉगिन एरर १० देऊन बंद पडतं, आणि लॉगमधून कारण कळत नाही.

प्ले इंटिग्रिटी (ॲप आणि फोन खरे आहेत का हे सांगणारी गूगलची सेवा) वापरत असाल तर सर्व्हरचे नियम तपासा. प्लेबाहेरून आलेल्या ॲपला लायसन्सिंगचा निकाल ‘अनलायसन्स्ड’ येतो, सही वेगळी असेल तर ‘ओळख नसलेली आवृत्ती’. सर्व्हर अशा विनंत्या सरसकट नाकारत असेल तर दुसऱ्या स्टोअरवरचा प्रत्येक ग्राहक बाहेर. बाहेरच्या बिल्डसाठी फक्त उपकरणाचा निकाल बघा. आणि स्वतःहून अपडेट उतरवणारा कोड प्लेच्या बिल्डमध्ये चुकूनही राहू देऊ नका. प्लेवरचं ॲप दुसरीकडून स्वतःला बदलू शकत नाही असा नियम आहे, आणि त्यावरून ॲप काढलं जातं. बिल्ड फ्लेवर (प्रत्येक स्टोअरसाठीची ॲपची वेगळी आवृत्ती) वेगळे करून प्लेच्या बिल्डमधून तो कोड आणि पॅकेज इन्स्टॉल करण्याची परवानगी दोन्ही वगळा.

कोणतंही स्टोअर असो, कोणी काय विकत घेतलंय याची नोंद स्वतःच्या सर्व्हरवर, स्वतःच्या युजर आयडीखाली ठेवा. ॲमेझॉनने अँड्रॉइड फोनवरचं आपलं ॲपस्टोअर २० ऑगस्ट २०२५ रोजी बंद केलं तेव्हा ज्यांची नोंद फक्त त्या स्टोअरच्या पावतीत होती, त्यांना ग्राहक हलवणं अवघड होतं. याच नोंदीवरून खरेदीचं बटण दाखवण्याआधी ‘याचं सबस्क्रिप्शन दुसरीकडे चालू आहे का’ हेही तपासता येतं. नाहीतर एकाच माणसाकडून स्टोअर आणि वेब दोन्हीकडे पैसे कापले जातात आणि चार्जबॅक येतो. स्टोअरमधलं चालू सबस्क्रिप्शन ॲपलकडे ग्राहकालाच रद्द करावं लागतं, तुम्हाला ते करता येत नाही, म्हणून त्याला थेट त्या पानावर नेणारी लिंक द्या.

यापुढे प्लेबाहेर वाटप करणाऱ्यांनाही गूगलकडे ओळख पटवावी लागणार आहे. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, २०२७ पासून पुढे इतरत्र, असं वेळापत्रक ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालं. नोंदणी डेव्हलपरची आणि त्याच्या पॅकेजच्या नावांची असते, सहीच्या कीसकट. बाहेरच्या स्टोअरसाठी नाव वेगळं ठेवलं असेल तर ते दुसरं नाव आणि त्याची की दोन्ही नोंदवा. प्लेवरच्या नावाची नोंद त्याला लागू होत नाही.